मेलेले जनावर आणि डॉक्टरची सही

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत आपल्या वस्तीतली पोरे नीटसाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षे घासतात. एमबीबीएस थोडक्यात हुकले की बाप पुन्हा कर्ज काढतो. पण त्याच नीटच्या गुणांवर लातूर जिल्ह्यातच, उदगीरला, शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळू शकतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? नागपूरच्या माफसू विद्यापीठाचा प्रवेश अर्ज वेगळा भरावा लागतो. शिकवणीवाले ते सांगत नाहीत. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच धावपळ करावी. राखीव जागा समोर असून या एका कागदापायी पोरे मागे राहतात.

'ढोरांचा डॉक्टर' म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांचे दुखणे मला कळते. जनावर म्हटले की महारकी आठवते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे बजावले. गावोगाव बहिष्कार सोसून आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले. पण सोडले ते लादलेले काम. जनावराचे शास्त्र आपल्याला शिकू दिले होते कुणी? मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तिथे आपली पोरे किती पोचली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष आंतरवासिता. त्यानंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी. नोंदणी नसेल तर पदवी असूनही व्यवसाय करता येत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ तसे सांगतो. पदविकाधारकाला हा कायदा फक्त किरकोळ उपचारांची मुभा देतो, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणून पोरांनो, गुण असतील तर पदविकेवर थांबू नका. राबणारा एक आणि सही करणारा दुसरा, ही वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. लोकसेवा आयोगातून भरले जाणारे पशुधन विकास अधिकाऱ्याचे गट-अ पदही पदवीधरालाच मिळते.

आणखी एक. जनावराच्या आरोग्याचा दाखला देणे, न्यायालयात पशुवैद्यकाचा तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे, हे अधिकार याच कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे दिले आहेत. उद्या पाटलाच्या गोठ्यातला विमा उतरवलेला देवणी किंवा लाल कंधारी बैल मेला, तर भरपाईसाठी विमा कंपनी शवविच्छेदनाचा अहवाल मागेल. पाटील तो घ्यायला दवाखान्यात येईल, आणि सहीसाठी आपल्या पोरासमोर बसेल.