एका वांग्याचे छायाचित्र

थंडी पडली, की जळगाव-धुळ्याच्या बाजारात भरिताची हिरवी, गुबगुबीत वांगी येऊ लागतात. असे एक वांगे टेबलावर ठेवा आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने त्याचा फोटो काढा. काय मिळते? एक सपाट हिरवा आकार आणि त्यावर पांढरा डाग! वांग्याची गोलाई गेली कुठे?

उजेड हळूहळू अंधारात मिसळत जातो, त्यावरून आपल्याला वस्तूची गोलाई कळते. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून असला, की आपल्याला दिसणारी सगळी बाजू उजळते आणि सावली मागे लपते. तो पांढरा डाग म्हणजे वांग्याच्या चकचकीत सालीत दिसणारे फ्लॅशचे प्रतिबिंब होय.

टेबलावरच्या वस्तूंची छायाचित्रे घेण्यात जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचा हातखंडा होता. घरातच लहानसहान वस्तू मांडून ते असे छायाचित्र घेत, की पाहणाऱ्याला एखादे विस्तीर्ण दृश्य पाहिल्याचा भास व्हावा! या प्रकाराला ‘टेबलटॉप’ छायाचित्रण म्हणतात. छायाप्रकाशाचा जादूगार असलेल्या डच चित्रकार रेम्ब्रांटचे नाव त्यांनी आपल्या घराला दिले होते.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. सारख्या शक्तीचे तीन टॉर्च घ्या आणि खोलीत अंधार करा.

पहिला टॉर्च वांग्यापासून १ मीटरवर, डावीकडे थोडा उंच धरा. गोलाई लगेच उठून दिसेल. पण उजवी बाजू काळीकुट्ट होईल. म्हणून दुसरा टॉर्च उजवीकडे, २ मीटरवर ठेवा. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. कारण तो चौपट जागेवर पसरतो. त्यामुळे सावली उजळते, पण पुसली जात नाही. तिसरा टॉर्च मागून, कॅमेऱ्याच्या नजरेआड ठेवा. त्याने वांग्याला प्रकाशाची बारीक कड येते आणि ते पार्श्वभूमीपासून सुटे दिसते. राहिला तो पांढरा डाग! पहिल्या टॉर्चपुढे, थोडे अंतर सोडून, पातळ पांढरा कागद धरा. प्रकाशाचा उगम मोठा झाल्याने डाग पसरून सौम्य होईल.

फ्लॅशचे काम याच नियमांनी चालते. मग तीन फ्लॅश एकाच वेळी कसे उडतात? एक फ्लॅश कॅमेऱ्याला जोडलेला असतो. बाकीच्या दोघांना प्रकाश ओळखणारा घट लावतात. पहिल्याचा झोत पडताच तो घट आपला फ्लॅश उडवतो. ३ मीटर अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाचा १० कोटीवा भाग पुरतो, तर फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. त्यामुळे कॅमेऱ्याला तिन्ही एकदमच उडाल्यासारखे वाटतात.

एक सूचना : जुना, बंद पडलेला फ्लॅशही उघडू नका. त्यातल्या धारित्रात सुमारे ३०० व्होल्ट दाबाची वीज साठून राहिलेली असू शकते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

फ्लॅश मात्र क्षणात विझतो, सावली नीट पाहूही देत नाही. म्हणून आधी टॉर्च लावून सावली कुठे पडते ते बघा. एकेक टॉर्च विझवून प्रत्येकाचे काम ओळखा. ज्याचे काम सांगता येणार नाही, तो दिवा काढून टाका. मग मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा, त्याचा फ्लॅश बंद करा आणि फोटो काढा. पहिल्या फोटोशेजारी तो ठेवून पाहा. वांगे तेच, बदलली ती फक्त प्रकाशाची दिशा!