पेटीतून काय गेलं

रोहिणीचं नक्षत्र लागलं की मी टोकावड्यातल्या पेट्या काढते. पाऊस पडायच्या आधी एकदा, श्रावणात एकदा आणि मधे दर महिन्याला धावती नजर. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं ग्रिल-गेट बनवणारं वर्कशॉप, गावाच्या आतल्या अंगाची भातगिरणी आणि एका हॉटेलचं स्वयंपाकघर, अशा तीन जागांच्या प्रथमोपचार पेट्या माझ्याकडे आहेत. मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला होते तेव्हा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रशिक्षण घेतलं. नोकरी सुटली तरी हात गप्प बसेनात. तिन्ही मालक ओळखीचे, त्यामुळे नाही कुणी म्हणालं नाही.

पेटी उघडली की मी आधी वास घेते. बंद असलेल्या पत्र्याच्या पेटीला स्वतःचा एक वास असतो आणि तो बरंच सांगून जातो. स्पिरिटचा भपकारा आला तर बाटलीचं बूच सैल आहे. कुबट वास आला तर कुठेतरी ओल शिरली आहे. करपलेल्या रबरासारखा आला तर हातमोजे गेले. वर्कशॉपचं छप्पर पत्र्याचं. चैत्र-वैशाखात तिथे उभं राहवत नाही, मग भिंतीवर टांगलेल्या डब्यात रबराची काय दशा होत असेल! यंदाही मोज्यांची बोटं एकमेकांना चिकटली होती. ओढली तर टर्रकन फाटली.

मग खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि पेटी पूर्ण रिकामी करायची. वरवर बघून पेटी तपासता येत नाही, ती उपसावीच लागते. वर्कशॉपच्या पेटीतून यंदा डोकेदुखीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट, दोन फ्यूज, कुणाच्या तरी मोटारसायकलची चावी, सिमेंटची पावती आणि तंबाखूची पुडी निघाली. पोरं हसली, पण मला हसू आलं नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४५ व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी हवी असं म्हटलं होतं. तिच्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला जबाबदार माणूस हवा, आणि ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत दुसरं काही ठेवायचं नाही, हेही त्यातच होतं. हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याने अपघात पाहिला असणार. हात रक्ताने भरलेला असतो, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. अशा वेळी बोटं चाचपत पेटीत शिरतात आणि हाताला फ्यूज लागतो. दहाबारा माणसांच्या वर्कशॉपात हे कलम वाचून दाखवायला कुणी येत नाही. म्हणून मीच वाचून दाखवते.

निर्जंतुक ड्रेसिंगचं पाकीट मी उजेडासमोर धरते. कडेचा जोड चारी बाजूंनी सलग दिसला पाहिजे. दोन बोटांत हलकेच दाबलं की आतली हवा फुगून आली पाहिजे, फुस्स होऊन निघून गेली तर कुठेतरी भोक आहे. मुदतीच्या जागी महिना आणि वर्ष एवढंच असतं, त्याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. पण मुदत पुढची असली म्हणून पाकीट ठेवायचंच असं नाही. पेटीच्या तळाला गंज धरला होता आणि दोन पाकिटांवर त्याचे तांबूस डाग उतरले होते. मुदतीला वर्षभर अवकाश होता, तरी काढली. ओल कागदातून आत गेली की निर्जंतुक हा शब्द नुसता छापील उरतो. आमच्याकडचा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याचा. आषाढात घरातलं मीठही पाणी सोडतं, तर पेटीची काय कथा.

चिकटपट्टी तपासायची माझी रीत साधी आहे. बोटभर पट्टी काढायची, स्वतःच्या मनगटावर लावायची, मनगट दहादा वाकवायचं. कड उचलली तर रीळ बाद. कात्रीने गॉजची चार पदरी घडी कापून बघायची. चावल्यासारखी कापली तर ती कपडा काय कापणार! वर्कशॉपातली कात्री सारखी नाहीशी व्हायची. वेल्डिंगच्या सळ्यांचे पुडे फोडायला तिच्यासारखी सोयीची वस्तू नाही. गेल्या वर्षी मी तिला नाडी बांधली आणि नाडीचं दुसरं टोक पेटीच्या कडीला. तेव्हापासून जागेवर आहे. आयोडीनच्या बाटलीवर फोडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवते. कापूस ठेवते तो फक्त घडीखाली आधाराला द्यायला. उघड्या जखमेवर कापूस ठेवला की त्याचे तंतू रक्तात वाळतात, आणि ते सोडवताना डॉक्टरांच्या हाताखाली माणूस पुन्हा एकदा कळवळतो.

ग्राइंडरच्या कामात सगळ्यात जास्त जातो तो डोळा. लोखंडाचा कण गेला की शेजारचा रुमालाचं टोक पिळून पुढे सरसावतो, काहीजण तर काडी घेतात. मी सलाइनच्या छोट्या बाटल्या ठेवते. डोळा धुवायचा, चोळायचा नाही. एवढ्याने कण निघाला नाही तर स्वच्छ पट्टी सैल झाकून थेट ग्रामीण रुग्णालयात. फोडलेली बाटली त्याच दिवशी टाकून द्यायची. हे शेवटचं पटवायला मला दोन वर्षं लागली, कारण उरलेलं पाणी फेकणं आमच्या माणसांच्या जिवावर येतं.

कारखान्यांच्या जुन्या नियमांतल्या यादीत आणखी दोन वस्तू असत, सर्पदंशाची सुरी आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे. १९०४ च्या सुमारास सर लॉडर ब्रंटन आणि लिओनार्ड रॉजर्स यांनी हा उपाय पुढे आणला. लाकडाची इवलीशी नळी, एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला जांभळे खडे. दंशावर चीर द्यायची आणि खडे चोळायचे. तेव्हा ती मोठी आशा होती. आज कुणी असं केलं तर विष निकामी होत नाही आणि वर रक्तस्राव व जंतुसंसर्ग होतो. तरीही ही सुरी मला एका पेटीच्या तळाशी मिळाली. चकचकीत, मेणकागदात गुंडाळलेली. इतक्या वर्षांत कुणी वापरली नाही हे नशीब.

तिच्या जागी मी बांबूच्या चार कामट्या आणि दोन तिकोनी पट्ट्या ठेवल्या. साप चावला की हात-पाय मोडल्यासारखा समजून कामट्या लावून स्थिर करायचा. बांगड्या, जोडवी, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत उतरवायचं. करकचून दोरी बांधायची नाही. माणसाला चालवायचं नाही, वेळ लिहून ठेवायची आणि १०८ ला फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस रुग्णालयात मिळते, पेटीत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मी हे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं भट्टीशेजारी जमिनीवरच अंग टाकतात. तिथे पेटी कुठली आणि ती तपासणार कोण? ही माझ्या मनातली जुनी सल आहे. भट्टीमालकांकडे गेले की चहा मिळतो, पेटीचं बघू म्हणतात.

आता गिरणीचं सांगते. गेल्या वर्षी गिरणीची पेटी उघडली आणि आत सगळं जिथल्या तिथे होतं. बारा पट्ट्या, सहा ड्रेसिंग, आयोडीनचं बूचही न फिरवलेलं. मालक कौतुकाने म्हणाले, "बघा ताई, आमच्याकडे किती व्यवस्थित!" मला धस्स झालं. वर्कशॉपात पेटीतून घेतलेलं लिहायच्या वहीत तीनच नोंदी आणि पट्ट्या मात्र बारा गेलेल्या, हे मला समजतं. लिहायचा कंटाळा, एवढंच. पण पोती उचलणारी, गिरणीच्या पट्ट्याजवळ वावरणारी, कोंडा भरणारी माणसं, आणि सहा महिन्यांत त्यांतल्या कुणालाच कुठे खरचटलं नाही, हे कसं शक्य आहे? मी कोंडा भरणाऱ्या मावशींजवळ जाऊन बसले. बराच वेळ भाताचं, पावसाचं बोलणं झालं. मग त्यांनी आपणहून डावा तळवा उघडला. अंगठ्याखाली लांब चीर, हळद आणि चुना भरून काळपट झालेली.

"जरासा लागला व्हता. शेठ बोलतील, म्हून नाय सांगितला."

पेटीची चावी शेठच्या गल्ल्याच्या खणात होती. पट्टी हवी तर आधी शेठकडे जायचं, कसं लागलं ते सांगायचं, काम का थांबलं ते सांगायचं. मालक वाईट माणूस नाही. पट्ट्या घरी जातील म्हणून त्याने चावी जपली होती. त्याला मी एवढंच विचारलं, की वर्षात अख्खी पेटी घरी गेली तरी किती रुपये? आणि मावशींचा हात पिकला तर किती दिवस?

त्या दिवशी कुलूप निघालं. आता झाकणावर कागदाची पट्टी चिकटवते, तीवर तारीख आणि माझी सही. ज्याला हवं त्याने पट्टी फाडावी, घ्यावं, बंद करावं. फाटलेली पट्टी दिसली की पेटी भरायची आहे एवढं मला लांबूनच कळतं. वहीत नाव लिहायची अटही काढली. लिहिता न येणाऱ्यांसाठी पानावर एकेका वस्तूचं चित्र काढलं, घेतलं की त्यापुढे एक रेघ. ज्या माणसाने घेतलं त्याच्यापर्यंत मला रेघेवरून पोचायचं नसतं, कुठल्या कामात काय लागतंय एवढंच हवं असतं. दोन महिन्यांत तळव्याच्या पट्ट्यांपुढे रेघा वाढल्या, तेव्हा पोत्यांच्या तोंडाची सुतळी विळीने कापली जात होती हे लक्षात आलं. मालकाने बोथट टोकाच्या दोन कात्र्या आणून दिल्या.

श्रावणातल्या तपासणीला गेले तेव्हा पाऊस उघडला होता आणि गिरणी बंद होती, मावशी एकट्याच आवार झाडत होत्या. झाकणावरची कागदाची पट्टी मधोमध फाटलेली. आत पट्टीच्या चित्रापुढे दोन रेघा, गुंडाळायच्या बँडेजपुढे एक, थोडी वाकडी. मी दोन पट्ट्या आणि एक बँडेज भरलं, ओलीसाठी तळाला नवा कागद घातला आणि झाकण लावून कागदाच्या नव्या पट्टीवर तारीख टाकली.