निवळशंख पाणी, रिकामी जाळी

तळ्याचे पाणी निवळशंख असले की ते चांगले, असे आपण धरून चालतो. मत्स्यशेती करणारा शेतकरी तसे मानत नाही. रोहू-कटल्याच्या तळ्यात तो कोपरापर्यंत हात बुडवून पाहतो. तळवा अंधूक दिसला तर ठीक. लख्ख दिसला तर पाण्यात प्लवंग, म्हणजे माशांचे सूक्ष्म खाद्य, कमी आहे असे समजून तो शेणखत टाकतो. अर्थात, हवी असते ती हिरवट छटा. मातीचा गढूळपणा नव्हे. त्याने माशांचे कल्ले भरतात.

उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन आणि मिशिगन या महासरोवरांत हेच गणित फार मोठ्या प्रमाणावर बिघडले. १९८८ मध्ये ह्युरॉनला लागून असलेल्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले सापडले. काळ्या समुद्राच्या परिसरातील हे नखाएवढे जीव मालवाहू जहाजांच्या टाक्यांतील पाण्याबरोबर आले. पाठोपाठ त्यांचे भाऊबंद, क्वागा शिंपले आले. ते थंड, खोल पाण्यातही तग धरतात. एक शिंपला दिवसाला साधारण एक लिटर पाणी गाळतो आणि त्यातले प्लवंग खातो. असे अब्जावधी शिंपले तळावर पसरले आणि पाणी निवळत गेले. मिशिगन सरोवरात बुडालेली जुनी जहाजे आता विमानातूनही दिसतात.

पर्यटक खूश झाले. पाण्यातले मासे मात्र उपाशी राहू लागले. प्लवंग घटले, तशी त्यांवर जगणाऱ्या एलवाइफ या लहान माशांची उपासमार झाली. २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉनमधून ते जवळपास नाहीसेच झाले आणि त्यांच्यावर पोसलेला, हौशी गळकऱ्यांचा लाडका चिनूक सामनही आटला. गळकऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावांचे उत्पन्न त्याबरोबर गेले. दोष एकट्या शिंपल्यांचा नाही. सरोवरात सोडलेल्या आणि तिथेच वाढलेल्या सामनांनीही एलवाइफचा फडशा पाडला होता. जाळी टाकून पोट भरणाऱ्या कोळ्यांचा आधार असलेला व्हाइटफिशही रोडावला, कारण तळावरचे त्याचे मुख्य खाद्य, कोळंबीसारखा दिसणारा डायपोरिया हा चिमुकला जीव, शिंपले आल्यावर नाहीसा होत गेला.

नितळ पाण्याचा आणखी एक परिणाम माशांच्या डोळ्यांशी निगडित आहे. वॉलआय या शिकारी माशाच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. अंधूक उजेडात त्याला दिसते, त्याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही. पाणी नितळ झाले की भर दिवसा हा फायदा संपतो आणि वॉलआय खोल पाण्यात उतरतो. त्यामुळे पाणी जिथे निवळले, तिथले जाणते गळकरी दिवसाउजेडी वेळ घालवत नाहीत. दिवस कलल्यावर होडी काढतात.

गंमत म्हणजे ह्युरॉनच्या सॅगिनॉ उपसागरात हाच वॉलआय उलट वाढला. एलवाइफ त्याची नुकती जन्मलेली पिल्ले गट्ट करत असत. ते गेल्यावर वॉलआयची वीण इतकी फोफावली की २००६ मध्ये मत्स्यविभागाने तिथे बीज सोडणे बंद केले. चिनूकसाठी येणारे गळकरी मात्र ह्युरॉनकडे पूर्वीसारखे परतलेले नाहीत.