भायखळ्याचे पेंग्विन

वैशाखात राळेगावच्या रस्त्यावरचे डांबर पाघळू लागले की पेंग्विन या पक्ष्याचे नुसते नाव ऐकूनही जिवाला गारवा वाटतो. तथापि हा पक्षी केवळ हिमप्रदेशातच नांदतो, ही समजूत दुरुस्त करावयास हवी. २०१६ साली दक्षिण कोरियातील सोलहून मुंबईतील भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, जे ८ पेंग्विन दाखल झाले, ते हम्बोल्ट जातीचे असून, पेरू आणि चिली या देशांच्या रुक्ष, जवळजवळ वाळवंटी किनाऱ्यावर, शीत सागरप्रवाहाच्या आश्रयाने त्या जातीचे मूळ वास्तव्य आहे. म्हणूनच येथे त्यांच्यासाठी बर्फाची नव्हे, तर वातानुकूलित दालनाची आणि थंड पाण्याच्या तलावाची तजवीज करण्यात आली.

चोचीच्या बुडाशी यांची त्वचा गुलाबी आणि उघडी असते. देह तापला की तेथून उष्णता बाहेर पडते. छातीवरच्या काळ्या ठिपक्यांची मांडणी ज्याची त्याची निराळी. मादी बहुधा २ अंडी घालते आणि आईबाप ती पाळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात. वर्षातून एकदा जुनी पिसे झडून नवी येईपर्यंत पिसांतून पाणी अंगाला भिडण्याचे भय असल्यामुळे समुद्र त्यांना जणू मनाई हुकुमानेच बंद होतो आणि साठवलेल्या चरबीवर दिवस कंठावे लागतात. ऐन समुद्रकाठी कडकडीत उपवास!

भायखळ्यात पहिले पिल्लू १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मले, पण जेमतेम आठवडाभर जगले. २०२१ साली जन्मलेली पिल्ले मात्र तेथेच वाढली.