स्टोरीबोर्डपासून साइन-ऑफपर्यंत: ई-लर्निंगवाल्यांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑनलाइन कसं शिकावं?

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या नोकरीशी थेट संबंधित आहे. तुम्ही इन्स्ट्रक्शनल डिझायनर असा, एलएमएस सांभाळत असा किंवा स्टोरीलाइनमध्ये कोर्स बांधत असा, तीन-चार वर्षं झाली की एका सोमवारी मॅनेजर म्हणतात, "पुढचा प्रोजेक्ट तूच बघ." पगार बहुतेक तोच राहतो. फक्त आता क्लायंटचा फोन तुम्हाला येतो. हे काम कसं करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं, मग रात्री जेवणं उरकली की माणूस लॅपटॉप उघडतो आणि ऑनलाइन कोर्स शोधायला लागतो. समोर शेकडो कोर्स येतात, त्यातला कुठला घ्यावा?

माझं मत सांगून टाकतो. कुठला कोर्स घेता यापेक्षा, कोर्स सुरू असताना तुमच्या हातात कुठला प्रोजेक्ट आहे, याला जास्त महत्त्व आहे. आणि अभ्यासक्रमातलं सगळं आपल्याला सारख्या कामाचं नाही.

हे असं का, ते बघू. या कोर्समधली बरीच तंत्रं जन्मली दुसरीकडे. 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट या रसायन कंपनीत तयार झाली. 'पर्ट' त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी आलं. ॲजाइलचा जाहीरनामा २००१ साली १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. त्यामुळे कोर्समध्ये उदाहरणं येतात ती इमारतींची नाहीतर ॲपची. आपल्या कामात कच्चा माल सिमेंट नसतो. तो असतो एखाद्या विषयतज्ज्ञाच्या, म्हणजे आपल्या भाषेत एसएमईच्या, डोक्यात. आणि हे एसएमई साहेब तुमच्या टीममध्ये नसतात. त्यांचं स्वतःचं वेगळं काम असतं, तुमचा स्टोरीबोर्ड त्यांच्या यादीत सतराव्या नंबरावर असतो.

"पण आम्हाला अ‍ॅडी येतं की," असं काही जण म्हणतील. येतं, मान्य. अ‍ॅडीची मुळं १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामात आहेत. चांगलं प्रशिक्षण कुठल्या क्रमाने बनवायचं, हे ते सांगतं. ते काम कोण करणार, कधीपर्यंत, किती पैशांत, आणि 'झालं' असं म्हणायचा अधिकार कुणाचा, यातलं ते काही सांगत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. अ‍ॅडीचे पाच टप्पे एक्सेलमध्ये टाकून समोर तारखा लिहिल्या म्हणजे प्रोजेक्ट प्लॅन झाला, असं होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ, कल्पित, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल. एका बँकेला केवायसीवर एक तासाचा कोर्स हवाय. इंग्रजी, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत. वेळ दोन महिने.

पहिला प्रश्न अंदाजाचा. चॅपमन अलायन्सने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत मध्यम इंटरॅक्टिव्हिटीच्या एका तासाच्या ई-लर्निंगला सरासरी १८४ तास काम लागतं, असं निघालं होतं. अगदी साध्या कोर्सला ७९, आणि गुंतागुंतीच्या सिम्युलेशनला ४९०. आकडे जुने आहेत, तुमच्या टीमचे वेगळे असतील. पण ७९ आणि ४९० मधलं अंतर बघा! क्लायंट नुसतं "एक तासाचा कोर्स" म्हणाला तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही. म्हणून कुठल्याही कोर्समधला स्कोपचा भाग दोनदा ऐका. स्क्रीन किती, प्रश्न किती, व्हॉइसओव्हर माणसाचा की मशीनचा, रिव्ह्यूच्या फेऱ्या किती, एससीओआरएम की आणखी काही, हे सगळं कागदावर आलं पाहिजे.

पण खरं घोडं पेंड खातं ते रिव्ह्यूमध्ये. प्लॅनमध्ये आपण लिहितो, 'एसएमई रिव्ह्यू: ३ दिवस'. हे तीन दिवस म्हणजे सगळं सुरळीत झालं तरचे. इथे पर्टचं सूत्र वापरून बघा. सगळ्यात चांगलं झालं तर ३ दिवस, नेहमी लागतात ५, आणि साहेब ऑडिटमध्ये अडकले तर १३. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. ३ अधिक २० अधिक १३, म्हणजे ३६. भागिले ६, उत्तर ६ दिवस. स्टोरीबोर्ड, अल्फा आणि बीटा अशा तीन फेऱ्या धरल्या तर १८ दिवस होतात. प्लॅनमध्ये आपण लिहिलेत ९. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच नऊ दिवसांचा उशीर प्लॅनमध्ये बसलेला आहे, आणि दोन महिन्यांनी त्याचं खापर फुटणार डेव्हलपरच्या डोक्यावर.

क्रिटिकल पाथचंही तसंच. कागदावर रुक्ष वाटतं, आपल्या कामाला लावलं की लगेच कळतं. स्क्रिप्टला मंजुरी मिळाल्याशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही. का? कारण रेकॉर्डिंगनंतर एक शब्द बदलला तरी आवाजाचा कलाकार पुन्हा बोलवा, ऑडिओ पुन्हा कापा, ॲनिमेशनचं टायमिंग पुन्हा लावा. आणि हे तीन भाषांत करा. भाषांतरात वाक्याची लांबी बदलते, त्यामुळे एका भाषेला लावलेलं टायमिंग दुसरीला चालत नाही. म्हणजे स्क्रिप्टचं साइन-ऑफ ही प्रोजेक्टमधली सगळ्यात महाग सही आहे. हे टीमला आणि क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगता आलं, तर कोर्सची फी वसूल झाली समजा.

तिसरी गोष्ट, बदलांची नोंद. बीटाला क्लायंट म्हणतो, "हा सीन जरा बदलूया." ही आपली चूक आहे, की त्यांचा नवा विचार? चूक असेल तर आपण फुकट दुरुस्त करायची. नवा विचार असेल तर लिहून घ्यायचं: किती तास, किती दिवस, कुणाची मान्यता. आपल्याकडे हे बोलायला माणसं कचरतात, नातं बिघडेल म्हणून. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, शेवटी ते तास कुणाच्या तरी शनिवार-रविवारातूनच जातात. ॲजाइल शिकणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. मेगन टॉरन्स यांनी ॲजाइल आपल्या क्षेत्राला जुळवून घेऊन 'लामा' नावाची पद्धत मांडली, मायकल ॲलन यांचं 'सॅम' मॉडेल २०१२ च्या पुस्तकातून आलं. दोन्ही वाचण्यासारखी आहेत. छोट्या फेऱ्यांत काम करायचं म्हणजे क्लायंटने काहीही, कधीही बदलायचं, असा मात्र त्यांचा अर्थ नाही.

आता शिकायचं कसं? या बाबतीत आपल्या लोकांची एक गंमत आहे. आपण स्वतः कोर्स बनवतो, त्यामुळे दुसऱ्याचा कोर्स बघताना शिकण्यापेक्षा तपासतोच जास्त. नेव्हिगेशन कसं आहे, क्विझचे पर्याय किती सोपे आहेत, वगैरे. ते थोडा वेळ बाजूला ठेवा. दुसरं, कोर्स अर्धवट सुटतात हे आपल्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ४६ टक्के होतं. पैशाने अक्कल येते असं नाही, पण ज्याने पैसे भरले तो आधीच ठरवून आलेला असतो. पैसे भरायचे नसतील तर निदान तारखांचं बंधन असलेला कोर्स घ्या. स्वयम-एनपीटीईएलवर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे कोर्स असतात. शिकणं मोफत, परीक्षेची फी वेगळी. दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. असाइनमेंटची तारीख गेली की गेली.

आणि प्रत्येक आठवड्याचा धडा झाला की चालू प्रोजेक्टचा एक कागद तयार करा. स्कोपचा आठवडा असेल तर स्कोपचा कागद, जोखमीचा असेल तर जोखमींची यादी. कोर्समधल्या काल्पनिक कंपनीसाठी नको, आपल्या त्या बँकेसाठी.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. नवखे असाल तर कोर्सेरावरचं गुगलचं प्रमाणपत्र किंवा पीएमआयचं सीएपीएम बघा. सीएपीएमला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण लागतं. ब्रिटनमधल्या क्लायंटबरोबर काम असेल तर प्रिन्स-२ फाउंडेशन. ही पद्धत तिथल्या सरकारी प्रकल्पांतून आलेली आहे.

पीएमपीबद्दल मात्र एक गैरसमज फार आहे. "माझं पद प्रोजेक्ट मॅनेजर नाही, मग मी कसा अर्ज करणार?" पीएमआय पदनाम बघत नाही, तुम्ही प्रोजेक्ट चालवलाय का ते बघतं. लीड इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून कोर्सचं काम तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाकलं असेल, तर तो अनुभव धरता येतो. चार वर्षांची पदवी असेल तर असा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. आणि एक गोम आहे: एकाच महिन्यात चार कोर्स सांभाळलेत तरी तो एकच महिना मोजला जातो. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. ते ऑनलाइन चालतं, पण कोर्सच्या शेवटी चाचणी असलेलं हवं. घरी पुस्तकं वाचून ते तास भरत नाहीत.

अर्जाची कधीकधी पडताळणी होते, तेव्हा त्या-त्या प्रोजेक्टच्या वरिष्ठांकडून दुजोरा मागतात. ई-लर्निंगमध्ये माणसं भराभर नोकऱ्या बदलतात, तीन वर्षांनी जुना मॅनेजर कुठे शोधणार? तेव्हा आजच एक फाइल उघडा. प्रोजेक्टचं नाव, सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, तुमचं काम काय होतं, वरिष्ठ कोण. क्लायंटची गोपनीय माहिती त्यात नको, एवढं सांभाळा.

पुढच्या भागात याच बँकेच्या कोर्सची जोखमींची यादी आपण मिळून बनवणार आहोत. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रिव्ह्यूला खरोखर किती दिवस लागतात, ते तोवर मोजून ठेवा. भेटूया!