नाव शाळेच्या पटावर, शिक्षण घराच्या चटईवर

विहारात रविवारची वंदना संपली की तरुण आईवडील थांबतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : मुलाला नर्सरीत न घालता घरीच शिकवले तर? कोणी होमस्कूलिंगचे व्हिडिओ पाहिलेले असतात, कोणाला नर्सरीची फी परवडत नाही, कोणाचे तीन वर्षांचे पोर रोज रडत शाळेत जाते आणि वहीभर उभ्या-आडव्या रेघा काढून परत येते. आमचे उत्तर दोन भागांत आहे. सहा वर्षांपर्यंत घर हीच मुलाची मुख्य शाळा आहे, तेव्हा घरी जरूर शिकवा. मात्र सहाव्या वर्षी त्याचे नाव शाळेच्या पटावर गेलेच पाहिजे. हा दुसरा भाग आपल्या समाजासाठी इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा का आहे, ते पुढे सांगतो.

आधी पुस्तकांबद्दल. पुण्यात मुलांची पुस्तके घ्यायची म्हटले की पाय अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. तिथे पाठ्यपुस्तके आणि गाइडांचे ढीग असतात. लहान मुलांसाठी काही मागितले की दुकानदार बहुधा अंकलिपी नाहीतर सफरचंदाचे चित्र असलेला इंग्रजी तक्ता पुढे करतो. त्याच परिसरात, शनिवार पेठेत, ज्योत्स्ना प्रकाशनाचे कार्यालय आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ ही पुस्तके आणि ‘चित्रवाचन’ इथून आले. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे हे की त्यांच्या पुस्तकांत राजाराणी नाहीत, उपदेशही नाही. घरातली माणसे आहेत, त्यांच्या सवयी आहेत, रस्त्यावरची गर्दी आहे. ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्र हेच वाचायचे आहे. ज्या आजीला अक्षर येत नाही, तीही हे पुस्तक नातवाला घेऊन वाचू शकते. आपल्या वस्त्यांत अशा आज्या अजून आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

या पेठेचा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. पेशव्यांचा वाडा इथेच आहे. पेशवाईत मांग-महारांचे काय हाल झाले हे मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिले. ती जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकली होती. जिथे १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली तो भिडेवाडा इथून पायी जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेत. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. आपले आजोबा-पणजोबा ज्या पेठांतून दबकत गेले, तिथून आज आपली मुलगी बापाच्या खांद्यावर बसून स्वतःच्या पसंतीचे पुस्तक घेऊन निघते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे पुस्तक ऑनलाइन न मागवता मुलाला सोबत नेऊन घ्यावे, असे आम्हाला वाटते.

पुस्तक घरी आले की बहुतेक जण एक चूक करतात, आम्हीही केली. चित्रावर बोट ठेवून विचारायचे, “हे काय? हा कोणता रंग? किती चिमण्या?” दोन पानांत मूल उठून जाते, कारण ती त्याची परीक्षा असते. त्याऐवजी मुलाला मांडीवर किंवा शेजारी बसवावे, पाने त्याला उलटू द्यावीत आणि आपण थोडे गप्प बसावे. मूल चित्रात असे काही पाहते जे आपल्याला दिसतच नाही : खाटेखाली झोपलेली मांजर, कोपऱ्यातली एकच चप्पल. मग विचारायचेच असेल तर “इथं काय चाललंय?” “ही बाई कुठं निघाली असेल?” असे विचारावे. याला एकच बरोबर उत्तर नसते, म्हणून मूल लांब वाक्य बोलते. लांब वाक्य बोलणारे मूल पुढे लांब वाक्य वाचू शकते. मूल एकच पुस्तक वीस वेळा मागते, तेव्हा कंटाळू नये. विसाव्या वेळी ते पुस्तक हातात धरून पाठ असलेली गोष्ट “वाचून” दाखवते. ती लबाडी नव्हे. छापलेल्या खुणांतून बोलणे निघते हे त्याला कळले आहे, आणि वाचनाची सुरुवात तिथेच होते. अक्षरओळख त्यानंतर आली तरी बिघडत नाही.

भाषेबद्दल आमचे मत ठाम आहे. मूल घरात जसे बोलते तसे त्याला बोलू द्यावे. “व्हतं”, “न्हाय”, “आलाव” या शब्दांना अशुद्ध म्हणून पाच वर्षांच्या मुलाचे तोंड बंद करणे म्हणजे त्याच्या आजीला अशुद्ध म्हणणे आहे. प्रमाण मराठी त्याला पुस्तकातून मिळेल, शाळेतून मिळेल, ती मिळवायलाच हवी. पण आधी त्याला बोलायची भीती वाटता कामा नये.

बाजारातल्या बहुतेक चित्रपुस्तकांत आपले घर मात्र दिसत नाही. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पहाटे कामाला निघालेली आई, १४ एप्रिलची मिरवणूक, चैत्यभूमीला जाताना गाडीत खाल्लेली भाकरी, हे कोणी काढलेले नसते. ‘भीमायन’ हे २०११ साली नवयानने काढलेले चित्रमय चरित्र आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ते चितारले. फार मोठे काम आहे, पण ते जरा मोठ्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांच्यांसाठी आपणच पुस्तक करावे. जुन्या कॅलेंडरची चार पाने कोऱ्या बाजूने एकत्र घ्यावीत, मधोमध दुमडून सुईदोऱ्याने शिवावीत. मुलाने चित्र काढायचे, त्याबद्दल ते जे बोलेल ते आपण त्याच्याच शब्दांत खाली लिहायचे, एक शब्दही न सुधारता. लिहिताना मूल बघत असते. आपण बोललो ते कागदावर उतरले आणि उद्या बाबाने तेच वाचून दाखवले, ही गोष्ट मुलाला चमत्कारासारखी वाटते. खर्च दोऱ्याचा.

हाताने शिकवण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. मज्झिम निकायात अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त आहे. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने तथागतांसाठी आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी उरवले. ते दाखवून विचारले, हे उरलेले थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातले श्रमणत्व एवढेच उरते. मग ते पाणी फेकले, मग भांडे उपडे केले, मग उलथून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी राहुलाला आधी पाहायला लावले. पुढे विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसेच काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःच्या कृतीकडे पाहावे, असे तथागतांनी सांगितले. सात वर्षांच्या मुलासमोर त्यांनी व्याख्या ठेवली नाही, तांब्या ठेवला. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ सांगितले, त्यांत असत्य बोलण्याविषयीचा हा राहुलोवाद आहे. आपण मात्र मुलांना पंचशील पाठ करून घेतो आणि तिथेच थांबतो. घरी तांब्या-पाणी घेऊन हे एकदा करून पाहावे. मुलांना भांडे उपडे करण्याची पाळी आपल्यालाच हवी असते, त्यावरून भांडणे होतात, होऊ द्यावीत.

हातांच्या कामाबद्दल ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम वाचण्यासारखे आहे. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. माँटेसरीची महागडी लाकडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. हजारोंचे शैक्षणिक खेळणे विकणाऱ्याला ही गोष्ट ऐकवावी.

आपल्या घरात काय आहे ते पाहू. मटार सोलणे, लसूण सोलणे, कणकेचा गोळा मळणे यांनी बोटांत तीच ताकद येते जी पुढे पेन्सिल धरायला लागते. रांगोळीची चिमूट तर थेट पेन्सिलची पकड आहे. चार वर्षांच्या मुलाकडून ‘क’ गिरवून घेण्यापेक्षा त्याला महिनाभर चिमटीने रांगोळी टाकू द्यावी. मिसळलेली मूग, मटकी आणि हरभरे वेगळे करणे हे वर्गीकरण आहे. धुतलेल्या कपड्यांतून मोजे जोडीने लावणे, मोठ्या-लहान डब्यांना झाकणे बसवणे, तांब्यात किती पेले पाणी मावते ते ओतून पाहणे, हे सगळे गणितच आहे. चिंचोके फोडले की एक बाजू पांढरी, एक काळी. असे पाच चिंचोके टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजून तेवढी घरे पुढे जायचे. पाचपर्यंतची बेरीज-वजाबाकी मूल खेळता खेळता करते. एक सावधगिरी : तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, वाटाणे देऊन बाजूला जाऊ नये, ते नाकातोंडात जातात.

आता तो दुसरा भाग. पुण्यात काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत पाठवतच नाहीत, पुढे एनआयओएसमधून दहावी देतात. त्यांचा तो निर्णय आहे. शाळा आपल्याला कधी सहज मिळाली नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात दाखवून दिले की प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. स्वतः बाबासाहेब शाळेत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसले, आणि घरी रामजी सुभेदारांनी त्यांचा अभ्यास घेतला. घर आणि शाळा दोन्ही होते, म्हणून ते घडले.

शिवाय कागदांचा प्रश्न आहे. जात पडताळणीच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा मागतात. ज्याचे नाव कुठल्याच शाळेच्या नोंदवहीत नाही, तो स्वतः अडचणीत येईल आणि उद्या त्याची मुलेही. हा मुद्दा होमस्कूलिंगच्या व्हिडिओंत येत नाही, कारण ते करणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. दुसरे, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा राखीव आहेत. या प्रवेशाला दुर्बल घटकासाठी असलेली उत्पन्नाची अट अनुसूचित जातीच्या मुलांना नाही, पालकांचा जातीचा दाखला लागतो. घरी शिकवण्याच्या नादात हा अर्ज चुकवू नये. अर्जाचे वेळापत्रक दरवर्षी जाहीर होते, ते विहाराच्या फळ्यावर लावणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. अंगणवाडीतले नावही काढू नये. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे गरम आहार मिळतो, वजन-उंचीची नोंद होते.

आणि घरी शिकवायचे म्हणजे कोणी? चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईवर आणखी एक काम टाकायचे असेल तर ही सगळी चर्चा व्यर्थ आहे. सावित्रीमाईंचे नाव घेऊन बायकांना राबवू नये. बापाने वीस मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून पुस्तक धरावे. आणि बाकीचे विहाराने करावे.

आमच्याकडे हे असे चालते : पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात चाळीसेक चित्रपुस्तके. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून ती घेतली. डीजेचे एक बेस कमी झाले, त्यावरून दोन मंडळी अजून आमच्याशी बोलत नाहीत. रविवारी वंदनेनंतर कॉलेजची दोन मुले चटई टाकतात, एक तास वाचतात, मग मुले आपापले पुस्तक आठवड्यासाठी घरी नेतात. वहीत सही नसते, मूल स्वतःची खूण काढते : कोणी पतंग, कोणी मासा. पुस्तके फाटतात, चहाचे डाग पडून येतात. एक पुस्तक तीन आठवडे आले नाही म्हणून चौकशी केली, तर मुलीची आजी ते कामावर घेऊन जात होती, दुपारच्या सुट्टीत पाहायला.