व्यसनाची खतावणी

संघाच्या स्मरणिकेसाठी दरसाल मजकडून जो लेख जातो, तो बहुधा ज्वारीची आवक, तुरीचे भाव किंवा अडत्यांच्या अडचणी यांविषयी असतो. यंदा संपादक मंडळाने समाजहिताचा एखादा विषय घ्यावा असे सुचविले. बरेच दिवस विचार केला आणि अखेर जो हिशेब मी अनेक वर्षे घरच्यांपासूनही लपविला, तोच वाचकांपुढे मांडावयाचे ठरविले. मी पंडित नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांमध्ये आयुष्य घालविलेला एक साधा व्यापारी आहे. परंतु तंबाखूविषयी मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. एकतीस वर्षे ती माझ्या गालात होती.

आपल्या घरांतील आचार पाहा. पाणी गाळल्याविना पीत नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-बटाटा घरात येत नाही. हा आचार मीही लहानपणापासून पाळीत आलो. सायंकाळचे भोजन दिवस मावळण्यापूर्वी आटोपून मी दुकानाच्या गादीवर येई, चंची उघडी, तळहातावर तंबाखू मळी आणि बार गालात धरी. मग रात्री दहापर्यंत चिमटीमागून चिमूट चाले. हे रात्रिभोजन नव्हे काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार असे : ‘आम्ही थुंकतो, गिळत नाही, मग ते खाणे कसले?’ व्यापारी माणसाला पळवाट लवकर सापडते, ती अशी.

दुसरी पळवाट शास्त्राची. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सप्तव्यसने आपणांस पाठ आहेत. त्यांत तंबाखूचे नाव नाही, असे आम्ही हसत हसत म्हणत असू. नाव नाही याचे कारण साधे आहे. हे झाड मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यास लागले. सुमारे १६०४ साली अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला असता त्यास ही वस्तू तेथे दिसली आणि ओढावयाच्या नळीसह ती त्याने मोगल दरबारात नेली. दरबारच्या वैद्याने बादशहास सावध केले. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. जे झाड देशात नव्हतेच, त्याचे नाव प्राचीन आचार्यांच्या यादीत कसे असावे? जे माणसाला पुन्हा पुन्हा आपल्याकडे ओढते आणि त्याचा विवेक हिरावून घेते ते व्यसन, ही कसोटी लावली तर तंबाखू त्या पंक्तीत बसल्यावाचून राहत नाही.

मला ही सवय वाईट संगतीत लागली नाही, शिष्टाचारातून लागली. १९७८ साली मी दुकानावर बसू लागलो. पेठेत सौदा ठरला की चंची पुढे करावयाची, ही रीत. ती नाकारणे म्हणजे समोरच्याचा मान न राखणे, असे समजले जाई. पहिल्या चिमटीने घेरी आली. महिन्याभरात ती सोसू लागली. वर्षभरात तिच्यावाचून सकाळी हिशेब सुचेना. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितले की, चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. ‘चुन्याशिवाय लज्जत नाही’ असे आपण म्हणतो, त्यातील मर्म हे आहे.

सोडण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९९८ च्या चातुर्मासात भर सभेत उभा राहून मी जन्मभर तंबाखू न खाण्याचे व्रत घेतले. लोकांनी धन्य धन्य म्हटले. अकराव्या दिवशी गुदामात पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन मी एक चिमूट घेतली. त्या दिवशी व्रत मोडले ते मोडलेच, पण त्याहून वाईट गोष्ट पुढे झाली : मी खोटे बोलू लागलो. पत्नीशी, मुलांशी, मंदिरात भेटणाऱ्या प्रत्येकाशी. खिशात वेलदोडे ठेवी आणि चंची गुदामातील तराजूमागे. लाजेने मंदिरात जाणेही कमी झाले. व्यसन शरीर पोखरते हे सारे सांगतात. ते माणसाचा शब्द आधी पोखरते, हे मी अनुभवाने सांगतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणे, तेही चंचीचे सोबती. २००७ साली त्यांच्या गालात आतून एक जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी दाखविली नाही. हंगाम आहे, दिवाळी होऊ द्या, लग्नसराई होऊ द्या, असे करीत सात महिने गेले. तोंडातील जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाही, किंवा जो पांढरा वा लाल चट्टा जात नाही, तो ताबडतोब डॉक्टरांस दाखवावा. वेळीच कळल्यास हा रोग पुष्कळदा बरा होतो. एवढी गोष्ट आम्हा दोघा भावांस ठाऊक नव्हती. मुंबईस शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा भाग काढावा लागला आणि अण्णांचे बोलणे गेले.

ते पाटीवर लिहून बोलत. मी भेटीस गेलो की आधी ज्वारीचा भाव विचारीत. एके दिवशी त्यांनी भाव विचारला नाही. पाटीवर लिहिले, ‘तुझी सुटली का?’ मी मान डोलावली. माझ्या सदऱ्याच्या खिशात त्या वेळी पुडी होती. अण्णांनी खिशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हाताने पाटी पुसून टाकली. २००८ साली ते गेले. त्या दुःखाने तरी माझी तंबाखू सुटली असेल असे वाचकांस वाटेल. सुटली नाही, उलट सुतकाच्या दिवसांत वाढली. भीतीने आणि शोकाने व्यसन सुटत नाही, हे म्हणूनच आग्रहाने लिहितो.

ते सुटले कसे, हे आता सांगावयाचे. आमच्या मंदिरातील एका वृद्ध पंडितजींजवळ मी एकदाचे सारे कबूल केले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘तुम्ही व्यापारी आहात. ऐपतीबाहेरची उधारी करू नये हे तुम्हांला मी सांगावयाचे? जन्मभराचे व्रत ही तुमच्या ऐपतीबाहेरची उधारी होती.’ मग त्यांनी समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातील भेद समजावून दिला : मुदत बांधून केलेला त्याग तो नियम आणि जन्मभराचा तो यम. ‘आधी नियम घ्या,’ ते म्हणाले, ‘आणि तोही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. जेवत नाही तेव्हा तंबाखूही नाही, एवढेच.’

एवढे मला झेपले. रात्र सुटली. दोन महिन्यांनी सकाळ सुटली. मग २००९ च्या दिवाळीस, वीर निर्वाणदिनी नव्या वह्यांचे पूजन झाल्यावर, मी एक छोटी वही वेगळी काढली आणि तीत फक्त त्या एका दिवसाचा नियम लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक दिवसाचा. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. डोके दुखे, झोप येईना, दिवाणजींवर विनाकारण खेकसलो. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगम दिला होता, त्याचा उपयोग झाला. तलफ आली की ती दहा मिनिटेही टिकत नाही, हे घड्याळ लावून पाहिले. तेवढ्या वेळात पोती मोजून यावे, पाणी प्यावे, दोन लवंगा चघळाव्यात. तीन-चार आठवड्यांनी जोर पुष्कळ ओसरला. आणखी एक गोष्ट केली : या खेपेस सभेत न सांगता आधी पत्नीस सांगितले, मग शेजारच्या चार दुकानदारांस, की मजपुढे चंची करू नका.

दोनदा घसरलो. एकदा एका लग्नात, एकदा मोठ्या तोट्याच्या दिवशी. पण या वेळी लपविले नाही. वहीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा घेतला. कीर्दीत चूक झाली म्हणून आपण पान फाडीत नाही आणि दुकानही बंद करीत नाही. उलट नोंद करून हिशेब जुळवितो. आपल्या धर्मात प्रतिक्रमण आणि प्रायश्चित्त सांगितले आहे ते याचसाठी. १९९८ साली हे उमगले असते तर अकराव्या दिवशीची ती एक चिमूट एकटीच राहिली असती.

पुढे कळले की ही युक्ती दारूच्या बाबतीतही जगभर मान्य आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचे सभासद ‘फक्त आजचा दिवस’ याच तत्त्वावर चालतात. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनी माणसास रुग्ण मानून उपचार होतात. आपल्या समाजात दारू नाही असे म्हणून डोळे झाकण्याचे दिवस आता राहिले नाहीत. मात्र एक सावधगिरी सांगतो : जो अनेक वर्षे रोज पुष्कळ पितो, त्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये. कंप, झटके, भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे २९ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतील बहुतेक ती ओढणारे नव्हेत, चघळणारे होते. महाराष्ट्राने २०१२ साली व कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. तरी पुड्यांची वाट बंद झालेली नाही. नुसती सुपारीही निरुपद्रवी नव्हे. तिनेही कर्करोग होतो आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ज्याच्या मावत नाहीत त्याने तपासून घ्यावे.

आमच्या दुकानावर एक हमाल आहे. पोरसवदा असताना त्याने पहिली चिमूट माझ्याच चंचीतून घेतली, पान-सुपारीही माझ्याच ताटातली. आज त्याच्या तोंडात दोन बोटे जेमतेम जातात. भाकर दुधात कुस्करून खातो. त्याच्या औषधपाण्याचा खर्च मी करतो. ही परतफेड नव्हे, हे मला कळते.

आपल्या भागात निपाणीच्या तंबाखूवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली, मंदिरांचे जीर्णोद्धार झाले. त्या बांधवांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु तीन गोष्टी आपण सारेच करू शकतो. सौद्याच्या वेळी चंची पुढे करण्याची रीत मोडावी, त्याऐवजी गूळ-पाणी द्यावे. हमालांस तंबाखूची पुडी देण्याची चाल बंद करावी. आणि संघाने वर्षातून एकदा पेठेतील मालक, दिवाणजी व हमाल या सर्वांच्या तोंडाची तपासणी करवावी. यास फार खर्च येत नाही.

माझी ती छोटी वही आजही चालू आहे. रोज सकाळी तीत एक ओळ लिहितो. पंडितजी आज हयात नाहीत, पण जन्मभराचा यम घ्या असे त्यांनी मला अखेरपर्यंत सांगितले नाही आणि मीही घेतलेला नाही. अण्णांच्या पाटीवरील प्रश्नाचे खरे उत्तर मला त्यांस देता आले नाही. ते मी रोज त्या वहीत लिहितो : आजची सुटली.